आवाज तिचा, मग नाव कुठंय?

शाळेत असताना आमच्या दादाकडे एक कॅसेट होती. कंपनीची नाही, तेव्हा बाजारपेठेत रेकॉर्डिंगची दुकानं असायची ना, कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन-तीन दिवसांत भरून मिळायची, तसली. तिच्या बी साइडला पहिलंच गाणं होतं 'राइड ऑन टाइम', ग्रुपचं नाव ब्लॅक बॉक्स. पियानो सुरू व्हायचा आणि मग एका बाईचा असा काही आवाज यायचा की अंगावर काटाच, शब्द कळत नव्हते आणि कळायची गरजही वाटत नव्हती. पुढं घरी केबल आली, त्या गाण्याचा व्हिडिओ बघायला मिळाला, त्यात एक उंच सडपातळ मुलगी तोंड हलवत नाचत होती, म्हटलं हीच ती. कितीतरी वर्षं मी हेच धरून चाललो होतो.

ती नव्हती. व्हिडिओतली कॅट्रिन किनॉल ही फ्रान्समधली मॉडेल. आवाज होता शिकागोच्या लोलिएटा हॉलोवे नावाच्या गायिकेचा, आणि तोसुद्धा १९८० साली एका वेगळ्याच गाण्यासाठी रेकॉर्ड झालेला. हे समजलं तेव्हा गाण्यावरचं प्रेम काही कमी झालं नाही पण राग आला, आणि तो राग गेल्या दोन-चार वर्षांत वाढतच चाललाय, कारण तेव्हा स्टुडिओत आवाज कापून जे झालं तेच आता कॉम्प्युटरवर रोज होतंय आणि आपल्याकडंही होतंय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं असं आहे की गाणाऱ्याचं नाव छापणं हे कंपनीचे उपकार नाहीत, तो मोबदल्याचाच भाग आहे, आणि कुठल्याही कागदावर सही घेऊन तो काढून घेता येता कामा नये.

आधी ब्लॅक बॉक्सची गोष्ट नीट सांगतो. इटलीच्या उत्तरेला रेज्जो एमिलिया नावाचं शहर आहे, तिथले हे तिघं. डॅनिएले दावोली हा क्लबमधला डीजे, मिर्को लिमोनी कीबोर्ड आणि स्टुडिओची बाजू सांभाळणारा, आणि व्हालेरियो सेम्प्लिची हा शास्त्रशुद्ध शिकलेला क्लॅरिनेटवादक. शिकागोचं हाउस म्युझिक, म्हणजे क्लबमध्ये नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, तेव्हा युरोपात शिरलं होतं, इटलीतल्या लोकांनी त्यात आपला दणकेबाज पियानो घातला आणि त्यातून जो प्रकार तयार झाला त्याला इटालो हाउस म्हणतात. आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आपण ग्रुप म्हटलं की चार पोरं गॅरेजमध्ये वाजवतायत असं काहीतरी डोळ्यासमोर आणतो, इथं तसं नव्हतं. हेच तिघं स्टारलाइट नावानंही रेकॉर्ड काढत होते, अजूनही काही नावं होती. माणसं तीच, स्टुडिओ तोच, लेबलवरचं नाव वेगळं. म्हणजे ग्रुपचं नाव हा एक ब्रँड आणि त्या ब्रँडला टीव्हीवर दाखवायला एक चेहरा लागतो, इथूनच सगळं सुरू होतं.

'राइड ऑन टाइम' आलं १९८९ मध्ये. सॅम्पलर हे यंत्र तेव्हा छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात आलं होतं, जुन्या रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा उचलायचा, हव्या तिथं कापायचा, कीबोर्डच्या एकेका पट्टीवर ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. यांनी लोलिएटाच्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातले तुकडे घेतले. मूळ गाण्यात ती 'राइट ऑन टाइम' म्हणते, या तिघांना ते 'राइड' ऐकू आलं आणि तेच नाव पडलं. म्हणजे ज्या बाईच्या आवाजावर सगळं उभं राहणार होतं ती काय म्हणतेय हे सुद्धा तिला कुणी विचारलं नव्हतं. गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे एक नंबरवर राहिलं आणि त्या वर्षी तिथं सगळ्यात जास्त खपलेली सिंगल रेकॉर्ड ठरली. टॉप ऑफ द पॉप्स या बीबीसीच्या कार्यक्रमात कॅट्रिन उभी राहिली आणि अख्ख्या देशासमोर तोंड हलवलं. तो आवाज कुणाचा हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

आणि तो आवाज कसा आला होता ते ऐका. मूळ गाणं डॅन हार्टमन यानं लिहिलेलं आणि निर्मितीही त्याचीच, सॅलसोल ही रेकॉर्ड कंपनी. लोलिएटा सांगायची की हार्टमननं तिच्याकडून ते गाणं जवळजवळ तीस वेळा गाऊन घेतलं, तिचा घसा पार बसला, आणि शेवटी तो लांबलचक वरचा सूर लागावा म्हणून तिनं कॉफीत विक्स घालून गिळलं. आपल्याकडं घराघरात विक्सची डबी असते, घसा बसला की छातीला चोळतो, कपाळाला लावतो, पण कॉफीत घालून पिणं म्हणजे काय हाल असतील याचा विचार करा. ज्या सुरावर युरोपातले क्लब रात्र रात्र नाचले तो सूर असा आलेला आहे. सॅम्पलरनं तो दोन सेकंदांत उचलला.

हक्क कुणाचा म्हणाल तर गाण्याच्या शब्द-चालीचा हार्टमनचा, रेकॉर्डिंगचा कंपनीचा. घसा जिचा, तिचा कागदावर कशावरच नाही. सॅम्पलवरून कायदेशीर भांडण झालं, प्रकरण तडजोडीवर मिटलं, लोलिएटालाही काही रक्कम मिळाली, किती ते बाहेर आलं नाही. मधल्या काळात ग्रुपनं काय केलं, तर लंडनच्या हेदर स्मॉल नावाच्या एका तरुण गायिकेकडून तोच भाग तसाच गाऊन घेतला आणि पुढच्या प्रतींमध्ये तो आवाज घातला. नाव तिचंही नाही. हीच हेदर स्मॉल पुढं एम पीपल या ग्रुपची मुख्य गायिका झाली आणि त्या ग्रुपच्या अल्बमला ब्रिटनमधलं १९९४ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. एका गाण्यात दोन दमदार गायिका, दोघीही पडद्याआड, आणि पडद्यावर तिसरीच.

इथवर कुणी म्हणेल की पहिलीच चूक होती, सॅम्पलिंगचे नियम तेव्हा धड ठरलेले नव्हते, समजू शकतो. मलाही पटलं असतं. पण पुढचा अल्बम बघा. १९९० ला 'ड्रीमलँड' आला, यात सॅम्पल नाही, माणूस बोलावून गाऊन घेतलेलं आहे. गायिका मार्था वॉश. ही काही कालची पोर नव्हती, सिल्व्हेस्टर या डिस्को गायकाच्या मागं गाऊन पुढं आलेली, मग वेदर गर्ल्स या जोडीतली एक, १९८२ चं 'इट्स रेनिंग मेन' ज्यांनी ऐकलंय त्यांना तो आवाज माहीत आहे. तिला सांगितलं गेलं की हे डेमो आहेत, नंतर दुसरी कुणी गाईल. आपल्याकडं स्टुडिओत याला डमी किंवा स्क्रॅच म्हणतात, मुख्य गायकाला चाल समजावी म्हणून एखाद्या होतकरू मुला-मुलीकडून गाऊन घेतात आणि नंतर ते पुसतात. इथं पुसलंच नाही. एकदाच ठरलेली फी दिली आणि अल्बममधली बहुतेक गाणी तिच्याच आवाजात बाजारात आली. 'एव्हरीबडी एव्हरीबडी' आणि 'स्ट्राइक इट अप' ही दोन्ही अमेरिकेत पहिल्या दहात गेली. कव्हरवर आणि व्हिडिओत परत कॅट्रिन.

मार्था कोर्टात गेली. कंपनीनं तडजोड केली, तिला पैसे आणि स्वतःच्या नावावर अल्बम काढायचा करार दिला. तेवढ्यात दुसरीकडं, अमेरिकेतल्या सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या 'एव्हरीबडी डान्स नाऊ' म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यात तिचाच आवाज आणि व्हिडिओत झेल्मा डेव्हिस. परत कोर्ट. ते मिटायला १९९४ उजाडलं आणि कंपनीनं एमटीव्हीला विनंती केली की व्हिडिओवर एक ओळ टाका, गायन मार्था वॉशचं आणि दृश्य सादरीकरण झेल्मा डेव्हिसचं. एक ओळ! जगभर वाजणाऱ्या गाण्याखाली आपलं नाव यावं एवढ्यासाठी त्या बाईला काही वर्षं वकील लावावे लागले.

असं का केलं याचं कारण लपलेलं नाही. मार्था अंगानं जाड आहे. विकायला सोयीची नाही असं ठरवलं गेलं. यात जी घाण आहे ती मला सगळ्यात जास्त बोचते, कारण तिचा आवाज हवा होता आणि तिचं शरीर नको होतं, आणि हे वेगळं करण्याचा अधिकार आपल्याला आहे असं त्या व्यवहारातल्या कुणालातरी खुशाल वाटलं. लोलिएटा, मार्था, हेदर, सगळ्या काळ्या बायका. लोलिएटा-मार्थासारखे चर्चमध्ये गाऊन तयार झालेले गळे, त्यांनीच हाउस म्युझिकला जीव दिला, आणि चेहरा बदलून तेच जगभर विकलं गेलं. चेहरा म्हणून उभी केलेली कॅट्रिनही काळीच, म्हणजे इथं गोरेपणाचाही प्रश्न नव्हता, मापाचा होता.

ब्लॅक बॉक्स एकटा असता तर एका ग्रुपचा नालायकपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच दोन-चार वर्षांत बघा, बेल्जियमच्या टेक्नोट्रॉनिकच्या 'पंप अप द जॅम'वर नाव फेली या मॉडेलचं आणि आवाज 'या किड के' हे नाव घेतलेल्या रॅपर मुलीचा. इटलीच्याच कोरोनाचं 'द रिदम ऑफ द नाइट', १९९३, व्हिडिओत ओल्गा डिसूझा, आवाज जेनी बी या गायिकेचा, जी पुढं २००० मध्ये सानरेमो महोत्सवात नवोदितांच्या गटात स्वतःच्या नावानं जिंकली. जर्मनीतल्या मिली व्हॅनिली या जोडीचं तर सगळ्यांना माहीत आहे, १९९० मध्ये ग्रॅमी मिळाली आणि त्याच वर्षी परत घेतली. म्हणजे ही एक रीतच पडली होती. आणि मिली व्हॅनिलीच्या वेळी लोकांनी शिव्या कुणाला घातल्या, तर तोंड हलवणाऱ्या दोन पोरांना. ज्या निर्मात्यानं हे सगळं रचलं तो फ्रँक फॅरियन पुढंही धंदा करत राहिला, त्या दोघांपैकी रॉब पिलाटस १९९८ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या एका हॉटेलात मेला. कॅट्रिनबद्दलही मला हेच वाटतं. तिला खोटारडी म्हणणं सोपं आहे, पण खोटं बोलायचं कुणी ठरवलं ते बघा ना.

आता समोरच्या बाजूनं जे बोललं जातं त्याकडं येतो, कारण त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पहिला मुद्दा असा की हे इलेक्ट्रॉनिक म्युझिक आहे, इथं खरा कलाकार निर्माताच, आवाज हे त्याच्यासाठी ड्रमसारखंच एक वाद्य. अर्धं मान्य. 'लव्ह सेन्सेशन' आणि 'राइड ऑन टाइम' पाठोपाठ ऐकून बघा, दावोली आणि त्याच्या साथीदारांनी जे केलंय ते सरळ उचलणं नाही, सूर तोडून परत जोडलेत, पियानोची जागा अशी धरलीय की तोच आवाज वेगळाच होऊन येतो. मी सॅम्पलिंगच्या विरोधात नाही, त्याला चोरी म्हणणारे लोक मला संगीत कमी कळणारे वाटतात. पण आवाज हे वाद्य आहे असं एकदा म्हटलं तरी वाजवणारा असतोच की. सनईवाल्याचं नाव आपण सांगतो, तबल्यावर कोण होतं ते सांगतो. मग गळ्याचं नाव का नको. आणि दुसरं म्हणजे, आवाज जर नुसतं वाद्यच असता तर व्हिडिओत तोंड हलवायला मुलगी कशाला लागली असती? प्रेक्षकाला गाणाऱ्या माणसाशी नातं जोडायचं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, फक्त ते नातं त्यांनी भलत्याच माणसाशी जोडून दिलं.

दुसरा मुद्दा, लोकांना देखणा चेहरा लागतो, बाजार तसाच चालतो, निर्माता तरी काय करणार. याला उत्तर द्यायला आपल्याइतकं योग्य कोणीच नाही, कारण आपण नव्वद वर्षं हेच बघतोय. १९३५ पासून हिंदी सिनेमात पार्श्वगायन आहे, चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, आणि आपल्याला त्यात कधी फसवणूक वाटली नाही. का वाटली नाही? कारण नाव सांगितलं जातं. पण ते आपोआप सांगितलं जायला लागलं नाही हे आपण विसरतो. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' आलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! रेडिओवर ते वाजलं आणि ही कोण गातेय म्हणून श्रोत्यांनी विचारून विचारून रेडिओवाल्यांना भंडावून सोडलं, तेव्हा रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवून ते जाहीर झालं, लता मंगेशकर. त्यानंतर नाव छापायचा आग्रह लताबाईंनी सोडला नाही. १९५७ च्या फिल्मफेअर सोहळ्यात शंकर-जयकिशनच्या बक्षिसाचं गाणं गायला त्यांनी नकार दिला, का तर गायकाला बक्षीसच नव्हतं, आणि १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला, पहिला त्यांनाच. त्यानंतर मधुबालाचं सौंदर्य कमी झालं का कुणाच्या लेखी? नर्गिसचं? वैजयंतीमालाचं? उलट दोन्हींवर लोकांनी जीव टाकला. पांढऱ्या साडीत, दोन वेण्या, हातात कागद धरून माइकसमोर उभी राहिलेली बाई हाच या देशातला सगळ्यात ओळखीचा चेहरा झाला. म्हणजे बाजाराला लपवाछपवी लागते हे खरं नाही. ती निर्मात्याला लागते, कारण नाव झालं की गायिका पुढच्या वेळी जास्त पैसे मागते, आणि मॉडेल काय, कधीही बदलता येते.

तिसरा मुद्दा पैशाचा. फी दिली, तिनं सही केली, विषय संपला. यावर आपल्याकडंही मोठ्या माणसांचं एकमत नव्हतं, साठच्या दशकात लताबाईंनी रॉयल्टीचा विषय काढला तेव्हा रफीसाहेबांचं म्हणणं होतं की गाण्याचे पैसे एकदा घेतले की पुढं आपला हक्क नाही, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. पण तो वाद पैशाचा होता, नावाचा नव्हता. फी म्हणजे त्या दिवसाच्या कामाची मजुरी. नाव म्हणजे उद्याचं काम. लोलिएटाचं नाव त्या रेकॉर्डवर असतं तर १९८९ च्या हिवाळ्यात युरोपातल्या क्लबांनी तिला बोलावलं असतं, स्टेज तिचं झालं असतं. १९९१ मध्ये अमेरिकन रॅपर मार्की मार्क आणि त्याच्या ग्रुपच्या 'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये तिचे तेच सूर परत वापरले गेले, पण या वेळी रेकॉर्डवर फीचरिंग लोलिएटा हॉलोवे असं लिहिलं, व्हिडिओतही ती स्वतः आहे, आणि गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. तिचं नाव लिहिल्यानं काहीही बिघडलं नाही. ती २०११ मध्ये गेली.

कायद्यानं आपण तसे बरेच पुढं आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वेगळा हक्क नव्हताच, तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ३८ ब हे कलम आलं, त्यात हक्क विकून टाकल्यावरही सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी असा दावा कलाकाराला करता येतो. फार चांगलं कलम आहे. पण त्याला एक पळवाट जोडलेली आहे, वापराच्या पद्धतीमुळं नाव देणं शक्य नसेल तर चालेल अशा अर्थाची, आणि मुळात ते वापरायचं तर कोर्टाची पायरी चढायला पाहिजे. कोण चढणार?

माझ्या आत्याचं सांगतो. ती गवळणी फार सुंदर म्हणायची, भजनी मंडळातून तिला कुणीतरी मुंबईला एका कॅसेटसाठी नेलं, नव्वदच्या आसपासची गोष्ट. दोन गवळणी तिनं एकटीनं गायल्या. कॅसेट आली, आतल्या कार्डावर एका नावाजलेल्या गायिकेचा फोटो, तिचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक, 'आणि इतर'. आत्या कुणाला काही बोलली नाही. जत्रेत, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर तिचीच गवळण लागायची आणि शेजारी बसलेल्या बाईला ती सांगू शकायची नाही की ही मी आहे, कारण पुरावा काय, कार्डावर तर दुसरीच बाई. ती कॅसेट अजून तिच्या कपाटात लुगड्यांच्या घडीखाली आहे. आता मला सांगा, तिनं कुठलं कलम घेऊन कुठं जायचं होतं.

आणि आज आपल्या हळदीत, वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत जी रिमिक्स वाजतात त्यांच्याकडं या नजरेनं बघा एकदा. दर मिनिटाला मधेच आवाज येतो, डीजे अमका, डीजे तमका इन द मिक्स. स्वतःचं नाव विसरलं जाऊ नये म्हणून त्या पोरानं ते गाण्यातच ठोकून बसवलंय, आणि त्याचं मला काही चुकीचं वाटत नाही, मेहनत त्याची आहेच. पण ज्या बाईचा कोळीगीताचा, लावणीचा, हळदीच्या गाण्याचा आवाज खाली वाजतोय तिचं नाव एकदाही नाही. यूट्यूबवर टाकताना शीर्षकात गाण्याचं नाव आणि डीजेचं नाव, संपलं. रीलमध्ये तर ज्यानं पहिल्यांदा टाकलं त्याचं अकाउंट 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून दिसतं. रेज्जो एमिलियाच्या तिघांना नावं ठेवताना हे आधी आपल्या घरचं बघायला लागेल.

आता यातला नवा धोका. सॅम्पलरला निदान मूळ रेकॉर्ड लागायची, तुकडा ओळखू यायचा, म्हणून तर ब्लॅक बॉक्स सापडले. एआयला तुकडा लागत नाही, आवाजाचा पोतच उचलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत डेव्हिड गेटा या फ्रेंच डीजेनं रॅपर एमिनेमच्या आवाजातल्या एआयनं बनवलेल्या ओळी आपल्या शोमध्ये वाजवल्या, ते विकणार नाही असंही सांगितलं. २०२५ संपता संपता ब्रिटनमधल्या हेवन या डान्स ग्रुपचं 'आय रन' गाणं टिकटॉकवर तुफान चाललं, आवाज लोकांना जोर्जा स्मिथ या ब्रिटिश गायिकेचा वाटत होता, एआयनं बदललेला आवाज आहे म्हटल्यावर ते प्लॅटफॉर्मवरून उतरवलं गेलं आणि मग दुसऱ्या गायिकेच्या खऱ्या आवाजात परत रेकॉर्ड करून आणलं. वाचताना मला हेदर स्मॉलच आठवली. छत्तीस वर्षांनी तोच देश, तसंच डान्सचं गाणं आणि भानगड मिटवायची तीच युक्ती.

आपल्याकडं मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय टूल्सना मनाई केली, २०२५ मध्ये आशाताईंनाही तसंच संरक्षण मिळालं. उत्तम झालं. पण हे हक्क प्रसिद्धीवर उभे आहेत हे विसरून चालणार नाही. अरिजितचा आवाज ओळखू येतो म्हणून कोर्टात सांगता आलं की हा माझा. डमी गाणाऱ्या मुलीचा, कोरसमधल्या माणसाचा, जाहिरातीत जिंगल गाणाऱ्याचा, आत्याचा आवाज उचलला तर तो कुणाचा हे ओळखणार कोण? म्हणजे ज्याचं नाव आधीच पुसलंय त्याला पुढची चोरीही सिद्ध करता येत नाही. म्हणून मी नावावर एवढा अडून बसलोय. ए. आर. रहमाननं 'लाल सलाम' या तमिळ सिनेमासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि उघडपणे सांगितलं. ते बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, माझं मलाच पूर्ण ठरवता आलेलं नाही, पण निदान वाद घालायला नावं समोर आहेत.

मला काय हवंय ते सरळच सांगतो. गाणं कुठल्याही प्लॅटफॉर्मवर चढवताना गायकाचं नाव भरल्याशिवाय ते पुढं जाऊच नये, कोरसचं सुद्धा, सॅम्पल असेल तर मूळ गाणाऱ्याचं, आणि आवाज एआयनं केलेला असेल तर तो कुणाच्या आवाजावर शिकवलाय ते. ३८ ब मधली ती पळवाट ध्वनिमुद्रित गाण्यापुरती तरी बुजवा, डिजिटल गाण्याला नाव लिहायला जागा नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. डमीसाठी बोलावलं असेल तर करारात तसं लिहा आणि तो आवाज बाहेर आला तर मुख्य गायकाचे पैसे आणि नाव दोन्ही आपोआप लागू व्हावेत. यात निर्मात्याचं नुकसान काय आहे ते मला कुणीतरी समजावून सांगावं. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं तेव्हा प्रत्येक गाण्याआधी निवेदक शांतपणे कवीचं, संगीतकाराचं, गायकाचं नाव सांगायचे, त्यानं गाण्याची मजा कधी कमी झाली नाही. माझ्या पिढीला जी नावं पाठ आहेत ती तिथूनच पाठ झालीत.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या डीजेच्या पोराला हे सगळं बोललो. चांगला पोरगा आहे, लॅपटॉपवर रात्रभर बसून मिक्स करतो. म्हटलं, तुझं नाव तीनदा येतं, एकदा तिचं घाल. तो म्हणाला, काका घालतो की, पण शोधू कुठून, माझ्याकडं फाइल येते तीच दुसऱ्या कुणीतरी मिक्स केलेली असते, आर्टिस्टच्या रकान्यात त्या डीजेचंच नाव नाहीतर काहीच नाही. खोटं नव्हतं ते. मग आम्ही दोघं दोन रविवार बसलो, त्याच्या हळदीच्या यादीतली तेरा गाणी घेतली, जुन्या कॅसेटची कार्डं, यूट्यूबच्या खालच्या कॉमेंट, अलिबागकडच्या एका बँडवाल्या काकांना फोन, असं करत आठ नावं लागली. ती त्यानं खरंच रेकॉर्ड करून मिक्समध्ये घातलीत, स्वतःच्या नावाच्या आधी. उरलेल्या पाचांपैकी दोन ठिकाणी कार्डावर नुसतं 'कोरस' लिहिलंय आणि तीन ठिकाणी 'आणि इतर'. ती पाच अजून शोधतोय.